लाभूबेनने ऐकलेली टकटक

कच्छच्या छोट्या रणात वशरामभाई मिसरूड फुटल्यापासून मीठ पिकवत होता. विहिरीतलं खारं पाणी पाटात, म्हणजे मिठाच्या वाफ्यात, ओढणारं डिझेल मशीन हंगामभर रात्रंदिवस चाले, आणि त्याला लागूनच त्याची न् बायको लाभूबेनची झोपडी. त्या धडधडीपायी त्याचे कान हळूहळू गेले. सगळ्या रणाला ते ठाऊक होतं, वशरामभाई तेवढा कबूल करत नव्हता.

दर पंधरवड्याला तो मशीन थांबवून त्याची साफसफाई करी. काळंमिट्ट झालेलं ऑइल काढून नवं भरायचं, हवेच्या जाळीतली खारट धूळ डिझेलने धुवायची, पायाचे बोल्ट आवळायचे. शेवटी वरचं झाकण उघडून व्हॉल्वची फट दाढीच्या जुन्या पात्याने तपासायची आणि नट कसायचा. या कामात तो कुणाला हात लावू देत नसे.

त्या थंडीत असंच सगळं करून त्याने मशीन सुरू केलं. लाभूबेन चुलीपाशी बाजरीचा रोटला थापत होती. तिचा हात थांबला.

"ऐकलंत का? वरून टकटक येतीय."

"काय?"

"टकटक! मशीनमधून!"

"मशीन झकास आहे. तुझ्या बांगड्या वाजत असतील."

"प्लास्टिकच्या बांगड्या कधी वाजतात का?"

वशरामभाईने रोटल्याचा घास तोंडात घातला. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनने एक आचका दिला आणि बंद पडलं. वशरामभाई पाटाच्या पार पलीकडे दाताळं ओढत होता, तो ओढतच राहिला. लाभूबेन हाका मारत पळत आली आणि तिने त्याची बाही धरली.

"बंद पडलं? कधी?"

"मघाशीच! ओरडून ओरडून घसा बसला माझा."

झाकण उघडलं तर नट ढिला होऊन व्हॉल्व ढकलणारी दांडी निसटली होती, वाकलीही होती. वशरामभाई पान्याकडे बघत बसून राहिला.

"मला नुसती थरथर कळते, लाभू," तो म्हणाला. "बारीक आवाज दिवाळीपासून येत नाहीत."

"ते मला माहितीय. शेजारच्या देवशीभाईच्या बकरीलासुद्धा माहितीय."

आधी त्याने डोळे वटारले. मग त्याला हसू आवरेना.

देवशीभाईच्या मोटरसायकलवरून जाऊन त्याने पाटडीहून नवी दांडी आणली. तोवर पाटातलं पाणी पार उतरलं होतं. दांडी बसवून त्याने मशीन फिरवलं. लाभूबेन पदर मागे सारून कान देऊन उभी राहिली आणि तिने मान हलवली. नाही. त्याने पुन्हा झाकण उघडलं, पातं घातलं, नट कसला. अजून थोडं, अशी तिने बोटांनी खूण केली. त्याने नट आणखी कसला, तशी ती चुलीकडे वळली.

"अगं, झालं का नीट?"

"झालं! जेवायला या!"

पुढच्या पंधरवड्याला ऑइल काढायच्या आधीच त्याने तिला हाक मारली. ती पाना धरायला शिकली. "उलटा धरलास," म्हणून तो खेकसायचा, "मग तुम्हीच धरा," म्हणून ती पाना खाली ठेवायची. काम मात्र दोघं मिळूनच करू लागले.

हंगाम संपल्यावर तिने त्याला सुरेंद्रनगरला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कानात घालायचं यंत्र मिळालं. ते तो लग्नाकार्यात घालतो. रणात खाराने खराब होईल म्हणून डबीतच ठेवतो.