सांजवतीचं कुळ

ओल्या कागदाचा आणि मेथीच्या पिठाचा तो कडवट वास आजही कुठे आला, की माझं वय झरझर उतरतं आणि मी चामराजपेटेतल्या त्या कौलारू घराच्या पडवीत जाऊन उभी राहते. एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. नवऱ्याच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीमागून मी नुकतीच पुण्याहून बेंगळुरूला आले होते, आणि आमचे घरमालक रंगोजीअण्णा, ज्यांचं मराठी घराणं तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होतं, शाळेत चित्रकला शिकवून उरलेल्या वेळात चक्क नवे देव घडवत होते.

कीड लागू नये म्हणून कागदाच्या लगद्यात मेथीचं पीठ कालवून ते मूर्ती करत, आणि मूर्ती वाळेपर्यंत तिच्या ओव्या रचत. त्यांच्या पुराणात मापारी नावाचा देव होता. त्याने आकाश मोजलं आणि त्या क्षणापासून ते मोजलं तेवढंच उरलं. त्याची बहीण सांजवती. माणसांनी दिवसभर न पाहिलेला उजेड ती ओच्यात वेचून ठेवते आणि संध्याकाळी उधळून आकाश पुन्हा अमाप करते. हे प्रथम ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. माहेरी देव म्हणजे सोवळं आणि वेळा. इथे तर आपण पाहायला विसरलेलंसुद्धा कुणीतरी जपून ठेवत होतं! कितीतरी दिवस मी नुसती हरखून वावरत होते.

अण्णांच्या पत्नीला, पद्माअक्कांना, हे खूळ मुळीच मान्य नव्हतं. नवरात्रात तिथे घरोघरी पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात; त्या पायऱ्यांवर अण्णांच्या देवांना त्यांनी कधी जागा दिली नव्हती. त्या वर्षी मी हट्टच धरला. शेवटी त्या म्हणाल्या, "सरी, बरं तर, एक संध्याकाळ मांडा. पण एक जरी बाई हसली, तर उद्या सगळे विहिरीत." अण्णांनी मान डोलावली. अर्ध्या आयुष्याचं काम त्यांनी एका संध्याकाळसाठी पणाला लावलं होतं.

अबोलीचे गजरे, उदबत्ती, हरभऱ्याच्या उसळीची फोडणी, आणि कौलातल्या काचेतून सांजवतीच्या निळसर गालावर उतरलेलं तिरपं ऊन. शेजारच्या कानडी बायका आल्या, थबकल्या, आणि ही या मराठी मंडळींची कुलदेवी असणार असं आपसात कुजबुजून त्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं. पाठोपाठ कारखान्यातल्या ओळखीच्या पुण्याकडच्या बायका आल्या. त्यांनी तिला इथली ग्रामदेवता ठरवून हात जोडले. आपल्याला माहीत नाही हे दुसरीला कळू नये, म्हणून कुणी कुणाला विचारलं नाही. स्वयंपाकघराच्या दाराआड मी आणि अण्णा हसू दाबत उभे होतो.

मग शेजारच्या म्हाताऱ्या अज्जींनी अक्कांना सरळच विचारलं, ही कोण?

नवऱ्याचं खूळ, एवढं अक्का म्हणाल्या असत्या तर तिथेच सगळं संपलं असतं. त्यांनी मूर्तीच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं. "सांजवती," त्या म्हणाल्या, "आमच्या घरची." आणि आधी कानडीत, मग मराठीत, त्यांनी सगळी कथा सांगितली. इतकी वर्षं त्या ऐकत होत्या तर! शेवटी त्या म्हणाल्या, "मापारी वाईट नाही हो. उजेड सांडून बहीण परत निघते ना, तिला अंधारात वाट सापडावी म्हणून तो चांदण्या मोजून ठेवतो."

"हे मी रचलं नव्हतं," अण्णा माझ्याशेजारी पुटपुटले. त्यांचे डोळे भरून आले होते.

पुढे आमची बदली झाली, तेव्हा अक्कांनी सांजवती माझ्या ओटीत घातली. दिवेलागणीला मी अजून तिच्यापुढे उभी राहते. खरी देवी कोणती, हा प्रश्न मला आता पडत नाही. अण्णांनी तिला घडवलं, अक्कांनी तिला तिचा भाऊ परत दिला. माझी ओवी अजून सुचलेली नाही, आणि या वयातही रोज वाटतं, आज सुचेल.