दाजींची पापणी

आमचे दाजी विश्वंभर, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, आमच्या गोरेगावाहून हिंगोलीला जीप चालवायचे. आणि जीप चालवण्यापेक्षा तोंड जास्त चालवायचे. जीप स्टँडसमोरच माझं चपलांचं दुकान, त्यामुळे ती बडबड मला दिवसभर फुकट. कुणाच्या लेकीचं कुठं जमलं, कुणाच्या शेतातली हळद शिजवून झाली, सगळं त्यांना तोंडपाठ. गळ्यात तुळशीची माळ, आणि दारूचं नाव काढलं तरी थुंकणारा माणूस. मला ते भारी आवडायचे, हे सांगायला कसली लाज?

गेल्या वर्षी मात्र दिवस कलला की त्यांची जीभ जड व्हायला लागली. सकाळच्या पहिल्या फेरीला एकदम ठणठणीत. संध्याकाळी शब्द घरंगळायचे, डावी पापणी खाली यायची, चहा पिताना ठसका लागायचा. आमच्या गावाला तेवढं पुरे झालं. आठ दिवसांत निकाल लागला, की विश्वंभर माळ घालून दारू घ्यायला लागला. एका संध्याकाळी तर भरलेल्या जीपमधून लोक खाली उतरले. साखरा गावचा पुंजाजी तोंडावर म्हणाला, "आज लई झाली वाटतं, विश्वंभर!" दाजी उत्तर द्यायला गेले, तर ते इतकं बोबडं आलं की पुंजाजीचंच खरं ठरलं. मी नुसता धुमसत होतो. पुंजाजीच्या नशिबानं मी चपला फक्त विकतो.

दुसऱ्या दिवशी दाजींनी स्वतःच जीपची किल्ली खुंटीला लावली. रस्त्यावरच्या एका म्हशीच्या त्यांना दोन दिसून राहिल्या होत्या, हे त्यांनी मला एकट्याला सांगितलं.

पण गावाचं त्यांना एवढं नव्हतं. लागलं ते अक्काचं, माझ्या बहिणीचं. द्वारकाबाई म्हणजे गावभर जिच्या तोंडाला कुणी लागत नाही अशी बाई. ती रोज संध्याकाळी ताट वाढताना दाजींच्या तोंडाजवळ वाकायची, हळूच वास घ्यायची आणि एक शब्द न बोलता भाकरी थापायला बसायची.

"माळेची शपथ घेऊ का?" दाजींनी एकदा माझ्यासमोरच विचारलं.

"मी काही इचारलं का तुमाला?" अक्का म्हणाली.

नंतर ओट्यावर ते मला म्हणाले, "गावाला काय म्हनायचं ते म्हनू दे. पर हिला बी तसंच वाटून राहिलं, त्याची लई तकलीफ होते रे." तीस वर्षांच्या संसारात त्यांचा आवाज असा पडलेला मी ऐकला नव्हता. मी दुकान बंद केलं आणि दोघांना जबरदस्तीनं हिंगोलीला घेऊन गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना डोक्याच्या वर धरलेल्या बोटाकडे बघत राहायला सांगितलं. बघता बघता पापणी उतरत उतरत डोळ्यावर आली. मग समोरच्या थंड पेयांच्या दुकानातून बर्फ मागवला, हातमोज्यात भरला आणि पापणीवर धरून ठेवला. काढला, तर पापणी वर! अक्कानं तोंडाला पदर लावला.

"काका," बाई म्हणाल्या, "शरीरात एक नस दुसऱ्या नसेला निरोप देते, नाहीतर स्नायूला देते. पण त्या एकमेकांना चिकटलेल्या नसतात. मधे डोळ्याला न दिसणारी फट असते. निरोप विजेसारखा टोकापर्यंत येतो, तिथं एक रसायन सुटतं, आणि पलीकडे ते झेलायला जागा असतात. झेललं की स्नायू हलतो. तुमच्या अंगातल्या पहारेकऱ्यांनी त्यातल्या बऱ्याच जागा शत्रू समजून बंद केल्यात. ताजेपणी रसायन भरपूर सुटतं, म्हणून सकाळी उरलेल्या जागांवर भागतं. दिवसभर वापरलं की कमी पडतं, आणि निरोप पोचत नाही."

"मग बर्फानं काय केलं?" मी विचारलं.

"ते रसायन लगेच पुसून टाकायची सोय शरीरातच असते. गारव्यानं ते पुसणं मंदावलं. गोळीही तेच करील. पण डोळ्यांना एकाचं एकच दिसेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही."

पुढे नांदेडच्या रक्ततपासणीत हेच निघालं, आणि आज गोळ्यांवर दाजी संध्याकाळीसुद्धा साऱ्या स्टँडला पुरून उरतात. पण ते नंतरचं. त्या दिवशी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसले तेव्हा, एवढा मोठा आजार कळूनही, हा माणूस लग्नातल्या नवरदेवासारखा खुलला होता.

"ऐकलं का?" ते अक्काला म्हणाले. "दारू नव्हती. आता तरी बसला का इस्वास?"

"मला पैल्याच दिवशी ठाऊक व्हतं," अक्का म्हणाली. "कदीच वास आला न्हाई."

"मंग रोज काहून हुंगत व्हतीस?"

अक्काचे डोळे भरून आले. "आज तरी यावा म्हनून. दारू असती तर भांडून सोडवली असती मी. दुसरं काही असलं, तर मी काय करनार व्हते?"