देवळाची खालची पायरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

भाटघरचं धरण बांधायला निजामाच्या मुलखातून माणसं आली, त्यांत मी होतो. दगड फोडणारे, तेलुगू बोलणारे. धरण पुरं झालं, बाकीचे पांगले. मी कामथडीजवळ खाण धरली, आमच्यातलेच काही गडी कामाला ठेवले. भांडून, घासाघीस करून वर आलो. नरसय्याचा नरसू झालो. घरोघरच्या जोत्यांना माझे दगड, आणि मी मात्र गावाबाहेरच्या खोपटात. तो राग अजून पोटात आहे. पण रागामुळं घडलं असं म्हणू का? नाही. ते पुन्हा खोटंच होईल.

गावठाणात जागा मागितली, तेव्हा पाटील म्हणाले, "जागा दिऊ की. पर खानीत तुमचा त्यो कालवा चालतो, कावळ्यांची शाळा भरल्यावानी — त्यो आदी बंद कर, नरसू."

"झाला समजा, पाटील," मी म्हणालो. हसून म्हणालो.

खाणीत तेलुगू बंद केली. बोलेल त्याला शिवी, पुन्हा बोलेल त्यानं घरची वाट धरायची. त्याच दिवसांत धाकट्या बहिणीचा नवरा, यल्लप्पा, तिला घेऊन कामाला आला. मीच बोलावलं होतं. मराठीचं अक्षर कळत नव्हतं त्याला. शिकेल हळूहळू, म्हटलं.

देवळाच्या पायरीसाठी धोंडा काढायचा होता. पाटील चार माणसं घेऊन बघायला आले. धोंडा पहारींनी रेटत उतारावर आणत होतो. खाली यल्लप्पा पाठमोरा बसून ओंडके लावत होता. माझी पहार निसटली, धोंडा सुटला.

अशा वेळी आमच्यात एकच हाक — जरुगु. म्हणजे सरक. लहानपणापासून कानात बसलेली. ऐकली की अंग आपोआप बाजूला होतं. ती माझ्या ओठांवर आली होती. आली होती — इतकी वर्षं मी स्वतःलाही सांगत आलो, की सुचली नाही. मी पाटलांकडे पाहिलं. आणि ओरडलो, "सरका! सरका!"

बाकीच्या गड्यांनीही ती हाक दिली नाही. माझ्याच धाकानं.

यल्लप्पानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणतोय ते समजून घ्यायला — थांबला.

बहिणीला मी सांगितलं, धोंड्याखाली गेला तेव्हा प्यायला होता. तो पीत नसे, हे तिच्याहून जास्त कुणाला ठाऊक? "अन्ना, तू हाक नाही दिलीस?" तिनं विचारलं. दिली, म्हणालो. तिनं मान हलवली. विश्वास ठेवला.

जागा मिळाली. गाव मला आपला म्हणतं. धोंडा वाया घालवणं माझ्या स्वभावात नव्हतं — धुतला, घडवला, देवळाच्या खालच्या पायरीला मीच बसवला.

बहीण रोज सकाळी त्या पायरीवर डोकं टेकते. तो धोंडा कोणता, ते तिला कुणी सांगितलेलं नाही.