बारशाला आलेली आक्का

माझ्या सख्ख्या नणंदेला मी माझ्या बाळाला हात लावू द्यायला तयार नव्हते.

ती नणंद आज पहाटे मुंबईत वारली.

आमची आक्का. यजमानांची थोरली बहीण, गोव्यातल्या पार्शे गावची मुलगी. गोवा मुक्त झाल्यावर मुंबईला शिकायला गेली ती न्यूक्लियर केमिस्ट झाली. तिच्या सेक्शनमधली पहिली बाई.

जाड काचेच्या पलीकडचे किरणोत्सर्गी पदार्थ ती अलीकडून यंत्राच्या हातांनी वेगळे करायची. त्यातले काही पुढे हॉस्पिटलात औषध म्हणून जात.

हे आज मला सांगता येतं. तेव्हा मी मॅट्रिक पास असून एवढंच धरून बसलेले, की आक्का बॉम्बच्या कामात आहे.

गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी मला मुलगी झाली. तिच्या आधीचा मुलगा चौथ्या दिवशी गेला होता. ही तरी जगू दे म्हणून मी ग्रामदेवी सातेरीला रोज हात जोडत होते.

परदेशातल्या अणुभट्टीच्या अपघाताच्या बातम्या पेपरात वाचलेल्या. दूधसुद्धा ओतून टाकलं म्हणे.

आणि आक्काचं पत्र आलं. "बारशाला येते. नाव मीच ठेवणार. आत्याचा मान आहे, सोडणार नाही."

मी सासूबाईंना म्हटलं, चुलत वन्संनी नाव ठेवलं तर?

"सख्खी आसताना चुलत कित्याक गो?"



आक्का आली तेव्हा मी आतूनच निरोप पाठवला. प्रवासाचं पारोसं आहे, आधी विहिरीवर डोक्यावरून आंघोळ कर, कपडे तिथेच भिजव.

स्मशानातून आलेल्या माणसाला सांगतात तसं.

तिने मुकाट्याने केलं. ओल्या केसांनी माझ्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली.

मी बाळ उचलून पलीकडच्या कुशीला घेतलं.

तिला कळलं. आत पाऊल टाकलं नाही तिने. उंबऱ्याबाहेर खाली बसली.

"ती आंघोळ प्रवासाची न्हय मगे?"

मला रडू फुटलं. म्हटलं, "आक्का, ते तुझ्या अंगाला लागून येत असलं तर? माझं एक गेलंय."

मला वाटलं, आता ही हसणार, नाहीतर उठून चालती होणार.

ती म्हणाली, "लागू शकतं. म्हणून बाहेर पडताना आमचे हात, पाय, चपला, सगळं यंत्रावर तपासतात. यंत्र वाजलं तर परत धुवायचं. परत वाजलं तर परत. तुझ्या सासूचं सोवळं त्याच्यापुढे काहीच नाही."

स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "आयकता हां मी."

"आयक गे आई, तुकाच सांगता."

मग माझ्याकडे वळून हळू बोलली. "माझ्या हाताखाली एक मुलगी होती. दिवस गेल्याचं तिने सांगितलं, त्याच दिवशी मी तिला त्या कामावरून हलवलं. रडली, भांडली, मी ऐकलं नाही. परक्या पोरीच्या बाळासाठी मी एवढी कडक. माझ्या भावाच्या लेकराबद्दल कणभर जरी संशय असता, तर मी बसमध्ये चढले असते?"

पुढे म्हणाली, "पण बाळाची आई तू. तू नको म्हटलंस तर मी इथूनच बघीन. चुलत बहिणीला नाव ठेवू दे. मी रुसणार नाही."

ती तिथेच बसून राहिली. हात मांडीवर. मान मात्र वाकडी करून बाळाचं तोंड दिसतंय का बघत होती.

मी उठले आणि बाळ तिच्या ओटीत ठेवलं.

संध्याकाळी आक्काने कानात कुर्र करून नाव सांगितलं. मेधा. बायकांनी पाठीत धपाटे घातले तर म्हणते, "सवकास गो, चष्मो पडतलो."

जाताना मी तिला विचारलं, राग आला असेल ना?

"तू विचारलंस तरी. न विचारता घाबरणारे कितीतरी भेटतात."

त्यानंतर मी विचारतच राहिले. खाणीकडच्या विहिरीचं तांबडं पाणी उकळून चालेल का. मेधाचा एक्सरे दोनदा काढला, काही होईल का. पोस्टकार्डावर, पुढे फोनवर. आमच्याकडे कोंकणी की मराठी म्हणून घराघरांत वाद होते. आक्का एरवी बोलायची कोंकणीत, समजावताना आणि उत्तर लिहिताना मराठीत, मला कळेल असं. ठाऊक नसेल तर तसंही लिहायची.

एकाही प्रश्नाला ती हसली नाही.

आज फोन ठेवला आणि पहिलं मनात आलं ते हेच, आता विचारू कुणाला.

आक्का, तुझे उपकार फार आहेत. सातेरी तुला आपल्या पदराखाली घेवो.