पोकळ वाजलं की फोडायचं

टण, टण, टण... भद.

वीसेक वर्षं झाली, तो आवाज कानातून जात नाही. आमचे मुख्य गवंडी करीम उस्ताद थापी उलटी धरून तिच्या मुठीने गिलाव्यावर ठोकत जायचे. टण वाजलं की गिलावा भिंतीला धरून आहे. भद वाजलं की आत पोकळ, फोडायचं.

आमच्या गवंडीकामात किस्से असेच साचतात. काम संपतं, घमेली धुऊन होतात, किस्सा मात्र अंगाला चिकटून राहतो. आर्णीतल्या एका डॉक्टरांच्या स्विमिंग पूलवरचे हे काही.

*

डॉक्टरांच्या बंगल्यामागचा पूल गळायचा. आतला जुना गिलावा काढून नवा करायचा होता. आमच्या टोळीत कुणाला पोहता येत नव्हतं आणि घरात असा हौद कुणी पाहिलाही नव्हता. उस्ताद काठावर उभे राहून बराच वेळ बघत होते.

"विहीरच हाय," म्हणाले. "खोदणारा लवकर थकला."

*

त्या वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं. वेचायलाच काही उरलं नाही, तेव्हा वेचणीच्या बाया बांधकामावर घमेली उचलायला आल्या. राळेगावकडची सुमन त्यांतली. पण तिला घमेलं नको होतं, थापी हवी होती. बाईच्या हाती थापी द्यायची आमच्यात रीत नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत ती एका मोडक्या थापीने कुंपणाच्या भिंतीवर हात बसवायची. उस्ताद येऊन वाजवायचे. भद.

"सुमन, गिलावा केला का पुऱ्या तळल्या?"

ती हसून फोडायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायची. मी एकदा विचारलं, कायले एवढा त्रास घेतेस?

"भाऊ, कापसासाठी ढगाकडं पाहा लागते," ती म्हणाली. "भिंत माह्या हातात हाय."

*

तळाला उतार द्यायचं काम माझं. पाणी निचऱ्याच्या जाळीकडे गेलं पाहिजे. उस्तादांनी माझ्या डब्यातलं लिंबू घेतलं आणि तळावर सोडलं. लिंबू सावकाश निघालं, जाळीकडे पाठ फिरवून थेट शिडीपाशी जाऊन थांबलं.

"बराबर हाय," उस्ताद म्हणाले. "पाण्याले वर चढाले शिडी लागनच ना!"

तळ पुन्हा केला. त्यानंतर जेवताना कुणी लिंबू पिळलं की सगळे माझ्याकडे बघायचे.

*

एकदा डॉक्टर खाली उतरले. उस्तादांचं ठोकणं ऐकून म्हणाले, आम्हीही पेशंटच्या पाठीवर बोटांनी असंच वाजवून बघतो. उस्तादांना फार आनंद झाला. त्यांनी विचारलं, आवाज बिघडलेला निघाला तर मग तुम्ही काय करता?

"औषध देतो."

"आम्ही फोडतो," उस्ताद म्हणाले.

डॉक्टर हसत हसत वर गेले. पण त्या दिवसानंतर ते उस्तादांच्या फार जवळ उभे राहत नसत.

*

शेवटची एक भिंत उरली आणि आमचा एक गवंडी तापाने पडला. माल कालवून झालेला, थोड्या वेळात आवळून दगड झाला असता. सुमन उस्तादांसमोर येऊन उभी राहिली.

"मले द्या."

उस्तादांनी बजावलं, एक जरी भद निघाला तर पुन्हा थापीचं नाव काढायचं नाही. जन्मभर घमेलं. ती बरं म्हणाली आणि भिंतीला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्ताद वाजवत निघाले. रिकाम्या पूलमध्ये आवाज घुमत होता. टण. टण. सुमन शिडीचा दांडा धरून उभी होती. कुणाच्याही भिंतीला नाव न ठेवता उस्ताद कधी गेले नव्हते. सख्ख्या भावालाही त्यांनी सोडलं नव्हतं.

मध्येच थांबले. कान लावला, तिथेच पुन्हा ठोकलं. टण. कोपऱ्यापर्यंत गेले, उकिडवे बसून तळाजवळ ठोकलं. टण.

ते उठले. आम्ही टोमण्याची वाट बघत होतो. त्यांनी हातातली थापी लुंगीला पुसली, सुमनच्या रिकाम्या घमेल्यात ठेवली आणि शिडी चढून निघून गेले.