कापसाच्या ढिगावर

प्रशिक्षणात आम्हाला धुराच्या खोलीत सोडायचे. पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडावर मास्क, आणि आत इतका दाट धूर की स्वतःचा हात दिसायचा नाही. एक हात भिंतीला लावून सरकत सरकत दुसऱ्या दारापर्यंत पोचायचं. पहिल्या खेपेला मी मध्येच थांबले. मास्क ओरबाडून काढावा असं वाटायला लागलं. मागच्या मुलीने ढकलत ढकलत मला बाहेर आणलं. काय झालं, असं प्रशिक्षकांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की सिलिंडरचा कॉक नीट उघडत नव्हता. त्यांनी सगळ्यांसमोर कॉक फिरवून बघितला. तो सहज फिरत होता.

आमची केळीची शेती. गाव फैजपूरजवळ. अग्निशमन दलात माझी निवड झाली तेव्हा वडिलांना, म्हणजे आबांना, आधी आनंद झाला. महापालिकेची नोकरी म्हणजे टेबल-खुर्ची, असं त्यांच्या मनात होतं. प्रशिक्षण संपवून मी जळगावच्या केंद्रावर रुजू झाले, गणवेश घालून घरी गेले, आणि हेल्मेट त्यांनी हातात घेऊन उलटंसुलटं करून बघितलं. जेवताना एवढंच म्हणाले की बाईमाणसाला आत पाठवत नसतील. मी सांगितलं, पाठवतात.

केंद्रावर माझ्या पाळीचे प्रमुख होते नाना. हे त्यांचं नाव नव्हे, सगळेच त्यांना तसं म्हणायचे. मूळचे धुळ्याच्या देवपूरचे, वीसेक वर्षं याच कामात. एरवी आमच्याशी साधं मराठी बोलायचे, पण मन कशात गुंतलं की अहिराणीवर यायचे. पहिले दोन-तीन महिने गवत पेटलं, झाड पडलं, हायवेवर ट्रक उलटला, अशाच वर्द्या, म्हणजे मदतीचे फोन, आल्या. नानांनी मला पाइप गुंडाळण्यापासून सगळं परत शिकवलं. जिना चढताना मी पुढे घुसले की मागून खांद्यावर हात ठेवून थांबवायचे.

फाल्गुन संपत आला होता. एका सकाळी शहराबाहेरच्या एका जिनिंगमधून, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यातून, फोन आला. आवाज बाईचा होता. कापसाच्या ढिगातून जळका वास येतोय, पण आग कुठेच दिसत नाही, असं ती म्हणाली. आम्ही गेलो. मोकळ्या आवारात दुमजली घराएवढा कापूस रचलेला होता, पांढरा, शांत. धूर नाही, काही नाही. मॅनेजर बाहेर आला आणि आम्हाला बघून त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. फोन कोणी केला ते त्याला माहीतच नव्हतं.

फोन केला होता आवार झाडणाऱ्या अक्कांनी. पन्नाशीच्या असतील. नाकाला पदर लावून त्या ढिगाच्या उत्तरेच्या कोपऱ्याशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, कालपासून वास येतोय, सांगितलं तर हसतात. मी वास घेऊन बघितला. मला धूळ आणि सरकीच्या तेलाचा वास आला, बाकी काही नाही.

नानांनी गाडीतून लांब लोखंडी सळई मागवली. ती ढिगात खोल खुपसली आणि तशीच राहू दिली. आम्ही उन्हात उभे राहिलो. बऱ्याच वेळाने सळई ओढून त्यांनी तिच्यावरून तळवा फिरवला, मग मलाही फिरवायला लावला. टोक कोमट होतं. मॅनेजर म्हणाला की उन्हाने तापली असेल. नाना म्हणाले, ऊन बाहेर आहे, टोक आत होतं. ढीग आजच फोडा, आम्ही पाण्याच्या लायनी लावून उभे राहतो. पण पाणी लागलं की कापूस जातो, ही मॅनेजरची अडचण होती. मालक गावाला गेलेत, त्यांना विचारून उद्या फोडतो, असं मॅनेजर म्हणाला. नानांनी आमच्या केंद्राच्या साहेबांना कळवलं, साहेबांनी लेखी सूचना दिली, आणि मॅनेजरने तिच्यावर सही केली. परतताना फाटकाशी गाडी थांबवून नानांनी एकदा मागे वळून बघितलं. मीही बघितलं. ढीग तसाच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत फोन आला, परत अक्कांचाच. या वेळी त्या रस्त्यावरून बोलत होत्या. फोन केला म्हणून सकाळीच त्यांना कामावरून काढून घरी पाठवलं होतं, पण त्या गेल्या नव्हत्या, फाटकाबाहेर बसून होत्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या उठल्या आणि नानांना म्हणाल्या, "आता भिंतीबाहेरपण येतोय वास."

या वेळी तो मलाही आला. इस्त्रीखाली कापड करपावं तसा.

सळई आत घातली आणि काढली, तर टोकाला हात लावता येईना. मॅनेजरचा चेहरा उतरला. साहेब आले, आणखी दोन बंब आले, जेसीबी आला. नाना लायनी तयार झाल्याशिवाय जेसीबीला हात लावू देईनात. मग उत्तरेचा कोपरा फोडला. पहिल्या दोन फावड्यांना पांढरा कापूस, तिसऱ्याला पिवळा, चौथ्याला काळा. त्या काळ्यातून एक सुस्कारा आल्यासारखा आवाज झाला. वारा आत गेला आणि जाळ जेसीबीच्या वर उसळला.

पुढचे तीन तास मला सलग आठवत नाहीत. नोझल धरून हात भरून आले होते, एवढं आठवतं. जाळ विझला तेव्हा ऊन उतरत होतं. ढीग अर्धा उरला होता, भिजून, काळा पडून, चिखलाच्या टेकाडासारखा. कुठेकुठे वाफ निघत होती. मॅनेजर सगळ्यांना चहा देत फिरत होता. मला वाटलं, संपलं.

नानांनी आमच्या पाळीला एका जागी उभं केलं आणि ढिगाकडे बोट करून सांगितलं, "वर बठ्ठं गार शे, मझार आग शे. कोणी वर चढू नका."

वर सगळं गार आहे, आत आग आहे, हे मी ऐकलं. नीट ऐकलं. नंतर चौकशीत मला विचारलं की गोंगाटात सूचना ऐकू आली नसेल का. तसं म्हणणं सोपं होतं. पण मी ऐकली होती.

झालं असं, की एका लायनीचा जोड ढिगाच्या कडेला, पाचेक पावलं वर, अडकला होता. नाना पलीकडे साहेबांशी बोलत होते. मी ढिगावर हात टेकवून बघितला, गार लागला. एक पाय ठेवला, घट्ट लागला. पाचच पावलं तर आहेत, असं म्हणून मी चढले. तिसऱ्या की चौथ्या पावलाला पायाखालचं सगळं आवाज न होता खाली गेलं.

मी कमरेपर्यंत आत होते. पहिल्या क्षणी फक्त गरम वाटलं. मग गमबुटात वरून निखारे ओतल्यासारखं झालं. हालचाल केली की आणखी खचत होते. कडेचा कापूस धरला तर तो हातात तुटून येत होता आणि त्याच्या आत लाल होतं.

मी ओरडले की नाही, ठाऊक नाही. नानांनी मात्र बघितलं. ते धावत वर आले नाहीत. त्यांनी शिडी ढिगावर आडवी टाकायला लावली, स्वतः तिच्यावर पालथे पडून सरपटत आले. मागून दोघांनी माझ्या अंगावर पाणी धरलं होतं. जाळ विझल्यावर हातमोजे काढून ठेवले होते, ते घालायला नाना थांबले नव्हते. त्यांनी कापसात हात घालून माझा कमरेचा पट्टा पकडला.

"पाय मारू नको, पोरी. नुसती माझ्याकडे बघ."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचे हात मनगटापर्यंत कापसात गेले होते आणि त्यांनी ते काढले नाहीत. मागच्यांनी शिडीसकट आम्हा दोघांना ओढून काढलं.

माझे दोन्ही पाय गुडघ्याखाली भाजले. डाव्या पोटरीवर मांडीची कातडी लावावी लागली. नाना त्याच दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात होते, दोन्ही हातांना बँडेज. तो ढीग पुढे चार दिवस आतून जळत राहिला. आमची माणसं पाळीपाळीने तिथे उभी होती. अक्कांना कामावर परत बोलावलं, पण त्या गेल्या नाहीत, असं नंतर कळलं.

आबा तिसऱ्या दिवशी आले. पायांकडे बघायचं टाळत म्हणाले की राजीनामा लिहून दे, मी नेऊन देतो. मी त्यांना झालं ते सगळं सांगितलं, नको म्हटलेलं असताना मी चढले हेसुद्धा. हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. आबा म्हणाले, "मग आता तर तुला नोकरी सोडून जाताच येणार नाही." ते रागाने म्हणाले की कशाने, ते मला कळलं नाही. राजीनाम्याची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

चालायला लागल्यावर मी आधी नानांच्या वॉर्डात गेले. एक नर्स त्यांना चमच्याने भात भरवत होती. मी माफी मागायचं ठरवून गेले होते. पण म्हणाले एवढंच, "मी ऐकलं होतं नाना, तुम्ही सांगितलेलं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी पण तुझ्या वयाचा असताना ऐकलं होतं." पुढे काय झालं होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

चौकशीत मी खरं तेच लिहिलं. ताकीद मिळाली, वर्षभर वेतनवाढ थांबली. नाना सहा महिन्यांनी कामावर आले, पण उजव्या हाताची तीन बोटं नीट मिटत नाहीत. नोझल धरता येत नाही, म्हणून त्यांना नियंत्रण कक्षात बसवलं. आता फोन तेच घेतात. माझी पाळी असते तेव्हा वर्दी त्यांच्या आवाजात येते. पत्ता सांगतात, काय पेटलंय ते सांगतात, आणि मी "निघालो" म्हटल्यावरही दोन क्षण फोन तसाच धरून ठेवतात.