आईच्या गाण्यात दादा

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एक सर आहेत. डबा उघडला की त्यांना मतं सुचतात. परवा ते भेंडीच्या भाजीवरून थेट रॅपवर आले आणि म्हणाले, हल्लीच्या रॅपमध्ये काही अर्थच उरलेला नाही, नुसती बडबड. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी मराठी शिकवते, म्हणून त्यांनी माझ्याकडे बघून माझीही संमती मागितली. मी डबा बंद केला आणि उठून व्हरांड्यात गेले. तिथंच बसले असते तर माझ्या तोंडून जे निघालं असतं ते शाळेत चालत नाही.

अर्थ उरला नाही म्हणे. अर्थ काय ताकावरचं लोणी आहे, उन्हात ठेवलं की आपोआप वितळायला? तो कुणीतरी काढून घेतं, दुसऱ्याला देऊन टाकतं, आणि हे भरदिवसा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होतं. अर्थ होता तेव्हा ज्यांनी कानात बोळे घातले होते, तेच आता तो गेला म्हणून गळे काढतात. मला रॅप करणाऱ्यांपेक्षा या लोकांचा राग जास्त येतो. रॅप करणाऱ्यांचाही येतोच, आणि त्यातल्या एकाचा तर इतका येतो की त्याचं नाव घेतलं तरी माझं डोकं सणकतं. म्हणून नाव घेत नाही.

कॉलेजात असताना मी रॅप करायचे. आज माझ्या साडीकडे बघून कुणाला खरं वाटत नाही. शिवाजी पेठेतला एक वर्गमित्र बीट बनवायचा. त्याच्या काकांची पिठाची गिरणी बंद पडली होती. तिच्या भिंतींना त्यानं जुन्या गाद्या आणि अंड्यांचे ट्रे ठोकले आणि बाहेर 'स्टुडिओ' अशी पाटी लावली. आत बोललं की नाकात पीठ जायचं. मला तो 'भावा' म्हणायचा, मीही त्याला भावा म्हणायचे. आमच्यात दुसरं काही नव्हतं. बीट त्याची, शब्द माझे, एवढंच नातं होतं आणि ते मला पुरेसं मोठं वाटायचं.

त्या गिरणीत आम्ही जे एक बरं गाणं केलं ते माझ्या आईवर होतं. आई हातकणंगल्याच्या बाजूला एका फौंड्रीत कामाला जाते. ओतकामात लोखंडाच्या वस्तूला जिथं आतून पोकळी हवी असते, तिथं आधी वाळूचा घट्ट गोळा बसवावा लागतो. तो गोळा तापलेल्या साच्यात भाजून काढायचा, घासायचा, त्याला रंग द्यायचा, हे सगळं बायका करतात. बायका कंपनीच्या नाहीत, ठेकेदाराच्या. मी कॉलेजात असताना साचा उघडताना आईचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. घाई केली गं, एवढंच तिनं मला सांगितलं. पट्टी सुटायच्या आधीच ती परत कामावर गेली. मी रागानं धुमसत होते आणि त्या रागात मी लिहिलं:

ती शेडात शिरली की भट्टी बी दबकती,
चटक्याला चटका देती, न्हाय कुणाला वाकती,
वाळूला म्हणती थांब, वाळू जागा न्हाय सोडत,
लोखंड हिला इचारतंय, वळू कुठनं, बोल.

आणि मग मी विचारायचं, 'जोर कुणाचा?' आणि समोरच्यांनी ओरडायचं, 'आईचा'.

आईनं ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून ऐकलं. परत लाव म्हणाली. मग आणखी एकदा. आमच्या गल्लीत जयंतीला गाणी बसवली जातात, लहानपणापासून ती त्या गाण्यांवर वाढलेली. तिच्या लेखी गाणं म्हणजे कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगणं. ऐकून झाल्यावर तिनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "कुणाचा बी फोन आला की ह्येच वाजाय पायजे." तेव्हापासून तिचा फोन वाजला की 'ती शेडात शिरली की' सुरू व्हायचं, आणि ती फोन मुद्दाम उशिरा उचलायची.

बाकी जगानं ते गाणं काही डोक्यावर घेतलं नाही. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये निवेदकानं 'आता थोडी गंमत' म्हणून माझं नाव पुकारलं. पुढं बसलेल्या प्राध्यापकांनी माझ्या सबंध गाण्यात एकमेकांशी गप्पा मारल्या. नंतर मी बी. एड. केलं, नोकरीला लागले, आणि लिहिणं सुटलं.

मित्राचं सुटलं नाही. त्यानं धंदा शोधला. आमच्याकडं प्रत्येक गल्लीला एक दादा असतो. दादाला वाढदिवस असतो, वाढदिवसाला चौकभर फ्लेक्स असतो, आणि आता फ्लेक्सच्या जोडीला गाणंही लागतं. मित्राकडं बीट तयार, शब्द तयार, फक्त नाव बदलायचं. आज या पेठेचा वाघ, उद्या त्या पेठेचा वाघ. गाणं तेच, वाघ नवा. गाडीचा धुरळा, गळ्यात सोनं, नादाला लागू नका. मी ऐकून हसायचे. म्हणायचे, पोट आहे बिचाऱ्याला.

यंदा निवडणुकीचे वारे वाहायला लागले आणि एका संध्याकाळी आई कामावरून घरी आली ती पिशवी न ठेवताच म्हणाली, फोनवरचं गाणं काढ. मला वाटलं फोन बिघडला. फोनला काही झालेलं नव्हतं. आई वडापमधनं येत होती. आमच्या भागात शेअर जीपला वडाप म्हणतात, कारण तिच्यात माणसं भरत नाहीत, कोंबतात. त्या गर्दीत तिचा फोन वाजला आणि समोरची बाई म्हणाली, काय मावशी, दादाच्या पार्टीत शिरलीस व्हय, गाणं बी लावलंयस की. सगळी जीप हसली. आईला आधी कळलंच नाही. मग त्या बाईनं स्वतःच्या फोनवर तिला ते गाणं ऐकवलं.

दादा म्हणजे आईचा ठेकेदार. तो निवडणुकीला उभा राहणार होता. दुसऱ्या दिवशी भोंगा लावलेली रिक्षा आमच्या दारावरून गेली तेव्हा मी ते पूर्ण ऐकलं. बीट आमची होती. आवाज मित्राचा होता. 'दादा चौकात शिरला की पब्लिक बी दबकती, चटक्याला चटका देतो, न्हाय कुणाला वाकतो.' आणि शेवटी, 'जोर कुणाचा? दादाचा.' ज्या माणसाच्या शेडात माझ्या आईचा हात भाजला, त्या माणसाला त्यानं माझ्या आईचे चटके देऊन टाकले होते. मी दारात उभी होते, हातात झाडू होता. तो रिक्षेवर फेकला नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

मी शाळा बुडवून शिवाजी पेठेत गेले. गिरणीत आता एसी बसलाय, पीठ उडत नाही. मी तोंडाला येईल ते बोलले. मित्रानं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि शांतपणे समजावून सांगायला लागला. त्याचं म्हणणं असं की ते गाणं पडूनच होतं, ऐकायला कुत्रंही येत नव्हतं, आता निदान गावभर वाजतंय. मी विचारलं, त्या शब्दांचं काय? तो हसला. हसला, हे मी विसरणार नाही.

"शब्द कोन ऐकतंय भावा?" तो म्हणाला. "बीट ऐकत्यात आणि नाव ऐकत्यात. मधलं सगळं भरतीचं असतंय."

मी म्हणाले, ते भरतीचं नाही, तो माझ्या आईचा हात आहे. त्यावर तो जरा वरमला. मग मला गप्प करायला की काय, त्यानं एक तोड काढली. पेठेत फुटबॉलची स्पर्धा संपत आली होती, बक्षीस समारंभाचा साउंड त्याच्याकडेच होता. बक्षिसांच्या आधी स्टेजवर जा आणि तुझं मूळ गाणं म्हण, कोण नको म्हणालंय, असं तो म्हणाला. मी हो म्हणाले. मला वाटलं, खरं गाणं एकदा कानावर पडलं की लोकांना खोटं ओळखू येईल. शिक्षक असल्यानं मला अशा भाबड्या गोष्टी वाटतात.

मी आईला घेऊन गेले. तिनं ठेवणीतली साडी नेसली होती. मैदान खच्चून भरलेलं, पोरं भिंतींवर, झाडांवर. मी माइक घेतला, बीट सुरू झाली, आणि बीट ओळखून पोरांनी शिट्ट्यांचा पाऊस पाडला. मला एक क्षण फार बरं वाटलं. मी शेड म्हणाले, भट्टी म्हणाले, वाळू म्हणाले, एकेक शब्द वर्गात शिकवते तसा स्वच्छ म्हणाले. आणि मग मी विचारलं, 'जोर कुणाचा?'

सगळं मैदान ओरडलं, 'दादाचा'.

मी थांबले. परत विचारलं. परत 'दादाचा', आणखी मोठ्यानं, आणखी खुशीत. त्यांच्या मनात माझ्याविषयी काही वाईट नव्हतं, उलट ती पोरं मला साथ देत होती. मी बायकांच्या बाजूला बघितलं. आईनं पदर तोंडाला लावला होता. मी माइक खाली ठेवला आणि बीट चालू असतानाच स्टेजवरून उतरले. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही. ते नाचत होते.

स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. मी वाटभर शिव्या घालत होते, मित्राला, त्या पोरांना, ठेकेदाराला, गॅदरिंगच्या त्या निवेदकालासुद्धा. गाडीची वाट बघत बाकावर बसल्यावर आईनं विचारलं, "तुज्या गाण्यात त्यो कुठं हाय?"

मी म्हणाले, कोण?

"ठेकेदार. भट्टी हाय, वाळू हाय, मी हाय. मी कशी वाघीण हाय ते सगळं लिवलंयस. त्यो न्हायच की त्यात. मोकळी जागा दिसली, बसला यून."

मला राग आला, पहिल्यांदाच तिचा. मी तिच्यावर गाणं लिहिलं होतं, त्या माणसावर कशाला लिहू? मी काही बोलायच्या आत तिनं सांगितलं. हात भाजला त्या दिवशी ठेकेदारानं स्वतः तिला दवाखान्यात सोडलं होतं. गाडीतनं उतरायच्या आधी तिच्या दंडाला धरून तो म्हणाला होता, "भाकरी करताना भाजलं म्हणून सांग. न्हायतर उद्यापासनं यायचं न्हाय." आणि तिनं डॉक्टरला तसंच सांगितलं. मलाही फक्त घाई केली म्हणून सांगितलं. सोबतच्या बायकांनाही त्यानं तशीच ताकीद दिली होती.

इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं. मी तिच्या सोसण्याची आरती लिहीत बसले होते. आणि आरती तर कुणाचीही करता येते, समोरचा देव बदलला की झालं. स्टँडवर सगळ्यांसमोर मी रागानं रडले. आईनं मला रडू दिलं आणि म्हणाली, "हे घाल. त्यानं म्हटलं तसंच घाल. मग वाजवू दे त्याच्या वाढदिवसाला."

काम जाईल, मी म्हणाले.

"काम जाईल म्हणूनच गप बसले न्हवं का आजपातूर? गप बसून बी त्यानं माझं गाणं नेलंच की."

घरी येऊन मी लिहिलं. मित्राला फोन करून वाचून दाखवलं. एरवी माझ्या ओळी आवडल्या की तो 'नाद खुळा' म्हणायचा, या वेळी एकदाही म्हणाला नाही. संपल्यावर म्हणाला, हे मी रेकॉर्ड करणार न्हाय, त्याची माणसं स्टुडिओ फोडतील. मी म्हणाले, का रे, शब्द कोण ऐकतंय? त्यानं फोन ठेवला.

मग मी आणि आईनं ते फोनवरच रेकॉर्ड केलं. बीट नाही, काही नाही. मी माझ्या ओळी म्हणाले, त्यात शेड होती, साचा होता, ठेकेदाराचं नाव गावासकट होतं. शेवटचं वाक्य आईनं स्वतः म्हटलं, त्यानं गाडीत म्हटलं होतं तसं, दबक्या आवाजात, दात आवळून. म्हणताना तिचा चेहरा त्याच्यासारखा झाला होता आणि मला बघवत नव्हतं. तिनंच ते शेडातल्या बायकांना पाठवलं. त्यांनी आणखी कुणाला पाठवलं ते आम्हाला माहीत नाही.

रविवार गेला. सोमवारी ती नेहमीच्या वडापनं कामावर गेली आणि मी शाळेत फळ्यावर तारीख लिहीत असताना तिचा फोन आला. तिला गेटवरच थांबवलं होतं. वॉचमन कारण सांगत नव्हता, नुसता आत जायचं न्हाय म्हणत होता. मी निघतेच म्हणाले, तिथंच थांब म्हणाले. तिचा आवाज मात्र मी कधी ऐकला नव्हता इतका खणखणीत होता.

"ऐकलंय बग त्यानं," ती म्हणाली. "शेवटपातूर ऐकलंय."